टाके मोजा, घड्याळ घरी ठेवा

पत्र (थोडक्यात): मला दोन गोष्टींचं वेड आहे आणि सध्या दोन्ही अडल्या आहेत. क्रोशाने रंगीत पट्ट्या विणून त्या जोडून मोठं ब्लँकेट करायला घेतलंय. आठपैकी पाच पट्ट्या झाल्या. पण एक 22 सेंटिमीटर रुंद झाली, एक 25, आणि निळी तर खाली 24 नि वर 20. दुसरं वेड म्हणजे मैल. आठवड्यातून चार दिवस ट्रॅकवर जाते आणि घड्याळ लावून एक मैल जीव तोडून पळते. सुरुवातीला सव्वादहा मिनिटं लागायची. भराभर कमी होत 8 मिनिटं 40 सेकंदांवर आले आणि गेले तीन महिने तिथेच आहे. परवाच्या फेऱ्या 1:52, 2:08, 2:18, 2:19 अशा झाल्या. तीन महिन्यांनी मैलाची शर्यत आहे, आठ मिनिटांच्या आत यायचंय. पळून आले की इतकी गळून जाते की विणताना चुका होतात, आणि विणत बसले की आज पळायला हवं होतं असं वाटत राहतं. घरचे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. एक सोडून देऊ का? सोडायचं तर कोणतं? शिवाय एक बारीकसा प्रश्न: शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी विणलं तर चालेल का?
— दोन्हीकडे अडकलेली

नमस्कार,

काहीही सोडू नका. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि वेळ कमी पडतोय असं मला कुठेच दिसलं नाही. दिसलं ते वेगळंच. पळताना तुम्ही रोज मोजता आणि विणताना कधीच मोजत नाही. मैल रोज घड्याळावर लावता, पण ओळीत टाके किती आहेत हे निळी पट्टी चार सेंटिमीटरने आक्रसेपर्यंत तुमच्या लक्षात आलं नाही. हे उलटं करा. विणताना मोजा, आणि पळताना बहुतेक दिवस घड्याळ घरी ठेवा.

आधी मैलाचं बोलू, कारण तिथे तारीख ठरलेली आहे.

तुम्ही आठवड्यातून चार वेळा करता तो सराव नाही, ती परीक्षा आहे. नवीन माणसाला सुरुवातीला त्यानेही फायदा होतो, म्हणूनच सव्वादहावरून तुम्ही इतक्या झपाट्याने खाली आलात. पण आठ-नऊ मिनिटं चालणाऱ्या पळण्याला लागणारी ऊर्जा बहुतांश ऑक्सिजनच्या जोरावर तयार होते. ती ताकद वाढते सावकाश, लांबलचक पळण्याने. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली ऊर्जा बनवणारी यंत्रणा वाढते. हे सगळं घडायला आरामाच्या वेगातली पुष्कळ मिनिटं लागतात, आणि तुमच्या आठवड्यात आरामाच्या वेगातलं एकही मिनिट नाही. चार वेळा पावणेनऊ मिनिटं म्हणजे आठवड्याचं एकूण पळणं पस्तीस मिनिटं, आणि तेही सगळं दम तुटेपर्यंत. शरीर सावरायच्या आत तुम्ही त्याला पुन्हा तेच मागता. मग ते तेवढंच देतं.

रॉजर बॅनिस्टर यांचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर त्यांनी 3 मिनिटं 59.4 सेकंदांत मैल पूर्ण केला आणि चार मिनिटांच्या आत येणारे ते पहिले धावपटू ठरले. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी काय झालं ते तुमच्या जास्त कामाचं आहे. त्या हिवाळ्यात त्यांचा मुख्य सराव होता तो पाव मैलाच्या दहा फेऱ्यांचा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं विश्रांती. फेरीची वेळ हळूहळू कमी होत 61 सेकंदांवर आली आणि तिथे अडकली. कितीही जोर लावला तरी हलेना. तेव्हा ते आणि त्यांचा मित्र क्रिस ब्रॅशर सराव थांबवून काही दिवस स्कॉटलंडला कडे चढायला गेले. परत आल्यावर त्यांनी त्याच फेऱ्या 59 सेकंदांत मारल्या. तुमच्या 8:40 ला मी त्या 61 सेकंदांच्या रांगेत बसवते. म्हणून पहिला आठवडा वेगाने पळूच नका. चाला, हलकं पळा, झोपा.

त्यानंतर आठवड्याचे चार दिवसच ठेवा, फक्त ते बदला. दोन दिवस तीस ते चाळीस मिनिटं इतकं सावकाश पळा की शेजारी कुणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. बोलताना वाक्य तुटलं तर वेग जास्त आहे. तेव्हा मधे चाललात तरी चालेल. या दोन दिवसांत घड्याळाचा उपयोग फक्त किती मिनिटं झाली हे कळण्यापुरता. वेग बघायचाच नाही. सुरुवातीला हे फार मंद वाटेल, आपण फुकट पळतोय असं वाटेल, आणि तरीही तुमच्या मैलातले सर्वात जास्त सेकंद याच पळण्यातून कमी होणार आहेत. तिसरा दिवस असाच, पण थोडा छोटा, वीस-पंचवीस मिनिटांचा. त्याच्या शेवटी वीस सेकंदांच्या चार-सहा मोकळ्या धावा घ्या. पूर्ण जोर लावायचा नाही. खांदे सैल, पावलं हलकी आणि झपझप. प्रत्येक धावेनंतर श्वास पूर्ण जागेवर येऊ द्या.

चौथा दिवस वेगाचा, आणि आठवड्यात हा एकच. आधी दहा-पंधरा मिनिटं हलकं पळून अंग गरम करा. हे टाळू नका. थंड पायांनी वेगात सुटणं हा पोटरी दुखावून घेण्याचा सर्वात सोपा मार्ग. मग पहिले तीन-चार आठवडे 200 मीटरच्या आठ धावा, प्रत्येक साठ सेकंदांत, मधे दीड मिनिट चालणं. या दिवशी मात्र घड्याळ हवंच, कारण इथे तुम्हाला 55 सेकंद नकोत, 60 हवेत. पुढे 400 मीटरच्या चार धावा, प्रत्येक 1:59 च्या आसपास, मधे दोन मिनिटं विश्रांती. त्या जमल्या की पाच, मग सहा. शेवटची धाव संपली तेव्हा आणखी एक मारता आली असती असं वाटलं, तर त्या दिवसाचं काम बरोबर झालं. वेगाच्या दिवसानंतर किमान एक पूर्ण दिवस पळायचं नाही.

1:59 हा आकडा कुठून आला? ट्रॅकची आतली फेरी 400 मीटरची आणि मैल 1609.34 मीटरचा, म्हणजे चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. 1:59 च्या चार फेऱ्या म्हणजे 7:56, आणि उरलेल्या नऊ मीटरना दोन-तीन सेकंद. आठच्या आत बसतं, अगदी घासून. (तुम्ही आजवर चारच फेऱ्या धरून मोजत असाल तर ते नऊ मीटर राहिलेत, एकदा तपासा. आणि आतल्या लेनमधूनच पळा, बाहेरच्या लेनमध्ये फेरी लांब होते.)

आता तुमच्या फेऱ्या बघा. पहिली 1:52. ज्या वेळेचं स्वप्न बघताय त्याहूनही सात सेकंद जलद! त्याची किंमत तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत तुम्ही जवळजवळ चाळीस सेकंदांनी मोजली. ताजे पाय नेहमी खोटं सांगतात. बॅनिस्टर यांनाही सांगत होते. त्या प्रसिद्ध शर्यतीच्या सुरुवातीला त्यांना वेग फार कमी वाटला, म्हणून पुढे पळणाऱ्या ब्रॅशरना ते ओरडून सांगत होते, अजून जोरात. ब्रॅशरनी ऐकलं नाही, ठरलेलाच वेग धरला, आणि पहिली फेरी 57.5 सेकंदांत झाली. पुढच्या तीन 60.7, 62.3 आणि 58.9. तिसरी फेरी सर्वात मंद झाली, कारण मैलात ती तशीच असते: सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. तुम्ही पहिली फेरी दोन मिनिटांची पळा. ती सोपी वाटेल, तिला सोपीच राहू द्या. दुसरी तशीच. राखून ठेवलेला सगळा निश्चय तिसऱ्या फेरीवर खर्च करा, चौथी आपोआप निघते.

पूर्ण मैल घड्याळ लावून पळायचा तो चार आठवड्यांनी एकदा आणि आठ आठवड्यांनी एकदा. तिसऱ्यांदा थेट शर्यतीत. पहिल्या चाचणीत 8:20 च्या आसपास आलात तर मी खूश होईन. आठच्या आत याच शर्यतीत याल असं वचन देता येणार नाही, पण 8:40 वर अडकून राहायचं काही कारण मला दिसत नाही. नडगीत किंवा टाचेच्या वरच्या शिरेत दुखू लागलं आणि पळताना ते वाढत गेलं, तर थांबा आणि दाखवून घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी थांबा.

आणखी एक गोष्ट, केवळ मला सांगाविशी वाटते म्हणून. बॅनिस्टर यांच्यानंतर तेवीस दिवसांनी, 29 मे 1954 रोजी, डायान लेदर यांनी बर्मिंगहॅममध्ये 4 मिनिटं 59.6 सेकंदांत मैल पूर्ण केला. पाच मिनिटांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. पण महिलांच्या मैलाचा विक्रम अधिकृतपणे नोंदवायला 1967 साल उजाडलं, आणि ऑलिंपिकमध्ये महिलांना 1500 मीटर पळायला मिळालं ते 1972 मध्ये. तुम्ही मैलाचं वेड धरलंय याचा मला मनापासून आनंद आहे. ते कुणाच्या म्हणण्यावरून टाकू नका.

आता ब्लँकेट. इथे तुम्हाला एक चांगली बातमी आहे, जी तुम्ही मागितलेलीच नाही. 22 आणि 25 सेंटिमीटरच्या पट्ट्या बिघडलेल्या नाहीत! लांब पट्ट्या एकमेकींना लांबीच्या बाजूने जोडल्या जातात. त्यामुळे जुळायला हवी ती लांबी, रुंदी नव्हे. एक पट्टी अरुंद नि दुसरी रुंद असली तर ब्लँकेटवर रंगांचे पट्टे कमीजास्त रुंदीचे दिसतील, आणि रंगीत कामात ते छानच दिसतं. सर्वात रुंद पट्ट्या मधे आणि अरुंद दोन्ही कडांना लावल्यात तर मुद्दाम केलंय असंच वाटेल. अट एकच. प्रत्येक पट्टी वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची हवी.

म्हणजे दुरुस्त करायची ती फक्त निळी. चोवीसची वीस झाली याचा अर्थ प्रत्येक थोड्या ओळींनी एक टाका गळत गेलाय. खांबांच्या (सुईवर आधी एकदा दोरा गुंडाळून घेतलेल्या उंच टाक्यांच्या) कामात हे बहुतेक वेळा वळणावर होतं. ओळ संपवून उलटताना आपण तीन साखळ्या घालतो. त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब, म्हणून पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात जातो. इथवर सगळे बरोबर करतात. मग ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या त्याच तीन साखळ्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा राहून जातो, कारण तो टाक्यासारखा दिसतच नाही, कडेला दुमडून बसतो. तो विसरला की एक टाका कमी. उलट साखळ्या घालूनही पहिल्या टाक्यात खांब घातलात तर एक टाका जास्त होतो आणि पट्टी रुंदावत जाते.

निळी पट्टी सपाट पसरा आणि खालून वर प्रत्येक ओळीचे टाके मोजत जा. जिथे पहिल्यांदा एक टाका कमी भरेल तिथे दोऱ्याचा तुकडा बांधा, आणि वरचं सगळं तिथपर्यंत उसवा. जिवावर येईल, पण क्रोशाचं काम उसवायला सोपं असतं. मधला कुठलाच टाका सुटून पळत नाही, कारण सुईवर एका वेळी एकच टाका असतो. पुढे विणताना प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा किंवा खुणेची पिन अडकवा. आणि प्रत्येक ओळ संपली की टाके मोजा. प्रत्येक ओळ! सवय झाल्यावर तुमच्या बोटांनाच कळू लागेल, मग पाच ओळींनी एकदा मोजलंत तरी पुरेल.

रुंदी वेगवेगळी का आली, तेही उरलेल्या तीन पट्ट्यांसाठी समजून घ्या. एकाच जाडीची म्हणून विकली जाणारी लोकर प्रत्येक रंगात, प्रत्येक कंपनीत थोडी वेगळी निघते. नवा गुंडा उघडला की आधी साधारण 12 सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणा आणि त्याच्या मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. टाके जास्त बसले तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या, कमी बसले तर लहान. दुसरं कारण हाताचा ताण. पळून आल्या आल्या विणलेल्या ओळी आणि निवांत विणलेल्या ओळी शेजारी ठेवून बघा. एकीकडे टाके घट्ट असतील नाहीतर सैल, पण सारखे नसतील. तिसरं, सुरुवातीची साखळी. ती बहुतेकांची घट्ट येते आणि पट्टीची खालची कड आत ओढली जाते. साखळीपुरती एक आकडा मोठी सुई वापरा आणि नंतर नेहमीच्या सुईवर या.

लांबी जुळवायची ती ओळी मोजून. सगळ्या पट्ट्यांमध्ये ओळी सारख्या ठेवा. मग प्रत्येक पट्टीच्या दोन्ही लांब कडांवर मुक्या खांबांची (खांबापेक्षा बुटक्या टाक्यांची) एक ओळ घाला, खांबाच्या प्रत्येक ओळीच्या कडेवर दोन मुके खांब. ओळी सारख्या असल्या की कडेचे टाकेही सारखेच होतात, आणि मग जोडताना टाक्याला टाका भिडवायचा एवढंच काम उरतं. लोकर वेगळी असल्यामुळे एखादी पट्टी दोन-तीन सेंटिमीटरने लहानमोठी भरली तर ती जोडणीत मुरते. त्याहून जास्त फरक असेल तर एक-दोन ओळी वाढवा किंवा कमी करा. ही कडेची ओळ सगळ्या पट्ट्यांना एकाच रंगाची घ्या. तुमच्या आठ रंगांना एकत्र बांधणारा रंग तोच असेल. रंगांचा क्रम ठरवताना पट्ट्या जमिनीवर मांडून फोनवर कृष्णधवल फोटो काढा. रंग निघून गेले की गडद आणि फिके कुठे एका जागी गोळा झालेत ते लगेच दिसतं.

जोडण्याआधी पट्ट्या सपाट करून घ्या. लोकर असो वा सुती धागा, ओल्या करून, मापात ताणून, पिना लावून वाळवा. अ‍ॅक्रिलिक असेल तर फक्त वाफ द्या, तीही अंतर ठेवून. अ‍ॅक्रिलिकवर तापलेली इस्त्री टेकली तर टाके कायमचे चपटे होतात आणि ते परत येत नाहीत. जोडताना एका टोकापासून सुरू करून थेट शेवटाकडे जाऊ नका. आधी दोन्ही टोकं, मग मध्य, मग मधल्या जागा पिनांनी धरा. जोडणीचा टाका जरा सैल राहू द्या, घट्ट ओढलात तर ब्लँकेटला चुण्या पडतील. सर्वात बाहेरच्या किनारीला प्रत्येक कोपऱ्यात एकाच टाक्यात तीन मुके खांब घातले की कोपरा सपाट बसतो. आणि दोऱ्यांची टोकं शेवटासाठी साठवू नका. पंधरा सेंटिमीटरचं टोक ठेवा, पट्टी संपली की त्याच दिवशी ते एकदा इकडे, एकदा तिकडे असं आतून ओवून टाका.

दोन्ही एका आठवड्यात कसं बसवायचं? वेगाच्या दिवशी मोजायचं विणकाम करू नका. त्या संध्याकाळी टोकं ओवा, कडेच्या सरळ ओळी घाला, किंवा काहीच करू नका. हलक्या पळण्याच्या दिवशी पट्ट्या विणा, आधी पाणी पिऊन, जरा पाय पसरून. जोडणीला सर्वात जास्त लक्ष लागतं, म्हणून ती न पळायच्या दिवशी. आठवड्यात असे तीन दिवस तुमच्याकडे आहेत. त्या दिवशी पळायला हवं होतं असं मनात आलं, तर तुमचे पाय याच दिवसांत मजबूत होतायत हे लक्षात ठेवा. त्या दिवशी विणणं हा तुमच्या सरावाचाच भाग आहे. फक्त एकाच जागी तासभर बसू नका. अर्ध्या तासाने उठा, मनगटं फिरवा, आणि भिंतीला हात टेकून पंधरा-वीस वेळा टाचा उचला. पोटऱ्यांना त्याची गरज आहे.

घरच्यांशी वाद घालू नका. पुढच्या आठवड्यात दोन पट्ट्या जोडून त्यांना दाखवा.

आणि हो, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी जरूर विणा. पाठ टेकून, पाय वर घेऊन, मोजावं लागणार नाही असं काहीतरी. नवा गुंडा किंवा नवा नमुना त्या दिवशी सुरू करू नका, नाहीतर अजून एक ओळ, अजून एक ओळ करत जागरण होईल.